वय २२, लायसन नवं, गाडी जुनी: नाशकात परवडणारा विमा कसा घ्यावा?

कॉलेजरोडची
नमस्कार मंडळी. वय २२, पक्कं लायसन नुकतंच हातात आलंय. सातपूर एमआयडीसीत नोकरी लागली आहे. पावसात त्र्यंबक रोडने स्कूटीवर जाणं घरच्यांना नको वाटतं, म्हणून २०१८ ची एक पेट्रोल हॅचबॅक बघून ठेवली आहे. ११९७ सीसी, एमएच १५ चीच, पहिला मालक इंदिरानगरचा. गाडीचे पैसे जमले आहेत, पण विम्याच्या आकड्यांनी गोंधळले आहे. एका ठिकाणी साडेसहा हजार सांगतात, दुसरीकडे अकरा हजार. गाडी दाखवणारा दलाल म्हणाला, "मॅडम, वय कमी, अनुभव नाही, प्रीमियम जास्तच बसणार. वडिलांच्या नावावर घ्या."

हे खरं आहे का? दुसरं म्हणजे, नुसता थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) घेतला तर पाच हजारांच्या आत भागतं. जुन्या गाडीला तेवढा पुरे की फुल (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसकट) घ्यावा? वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच्या वर गाडी फिरणार नाही. दर महिन्याचं घरभाडं आणि भावाची फी बघता प्रत्येक हजार रुपया मोजूनच खर्च करायचा आहे. अनुभवी लोकांनी मनापासून सांगावं.

भो_नाशिक
पहिली गाडी, अभिनंदन! विम्याचं जाणकार सांगतीलच. पेढे कधी ते तू सांग.

ओझरकर
अभिनंदन पोरी. सगळ्यात आधी एक सांगतो, विमा नसलेली गाडी एक दिवससुद्धा रस्त्यावर आणू नकोस. बिनविम्याची गाडी पकडली तर पहिल्या वेळी २००० रुपये दंड, पुन्हा सापडली तर ४०००, आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंतची कैदही आहे. दंडाचं सोड, मुंबई नाक्याला संध्याकाळी सहाला गाडी चालवून बघ. मागून, डावीकडून, उजवीकडून कोण कधी घुसेल काही नेम नसतो.

पंचवटीचा_विमावाला
मी पंचवटीत याच व्यवसायात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. दलालाचं म्हणणं बरोबर नाही. आपल्याकडे प्रीमियम ठरतो तो मुख्यतः गाडीवर. थर्ड पार्टीचा दर तर सरकारच ठरवतं आणि त्यात चालवणाऱ्याच्या वयाचा रकानाच नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर असे: १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३४१६, त्याच्या वर ७८९७. तुमची गाडी मधल्या गटात. तुम्ही २२ च्या असा की ६२ च्या, ३४१६ ते ३४१६. इथे कोणतीही कंपनी सवलत देऊ शकत नाही आणि जादाही घेऊ शकत नाही. वर १८ टक्के जीएसटी.

फरक पडतो तो ओडीमध्ये, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. तिथे गाडीची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), सीसी, गाडीचं वय, झोन आणि तुमचा एनसीबी (क्लेम न केल्याची सवलत) बघतात. २००७ पासून ओडीचे दर कंपन्यांना मोकळे झाले, त्यामुळे एकाच गाडीला वेगवेगळे आकडे दिसतात. तुम्हाला साडेसहा आणि अकरा सांगितले, त्या दोन्ही कोटेशनमध्ये आयडीव्ही किती धरली आणि कोणकोणते ॲड-ऑन (जादा पैसे भरून घ्यायची कव्हर) आहेत ते बघा. ते इथे टाकलंत तर नेमकं सांगता येईल.

आपलं नाशिक झोन बी मध्ये येतं. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद ही आठ शहरं झोन ए. तिथल्यापेक्षा आपल्याला स्वस्त पडतं.

लेस्टरवासी
मूळचा गंगापूर रोडचा, आता इंग्लंडात. तो दलाल इकडची गोष्ट तिकडे सांगत असावा असं वाटलं. इकडे खरोखरच वय बघतात. माझ्या भाच्याने नुकतंच लायसन काढलं, तर जुन्या छोट्या गाडीला त्याला हजार पौंडांच्या पुढचेच कोट आले. शेवटी त्याने गाडीत 'ब्लॅक बॉक्स' बसवून घेणारी पॉलिसी घेतली. वेग किती, ब्रेक कसा मारतो, रात्री किती फिरतो, सगळं त्यात नोंदलं जातं आणि नीट चालवली तर पुढच्या वर्षी दर उतरतो. इकडे पोराची गाडी आईबापाच्या नावावर दाखवून विमा स्वस्त करायला गेलात तर ती चक्क फसवणूक धरतात, पॉलिसी रद्द होते. त्यामुळे गूगलवर 'यंग ड्रायव्हर' असं शोधून जे लेख येतात ते नाशिकला लावू नका.

कॉलेजरोडची
@पंचवटीचा_विमावाला काका, खूप आभार. दोन्ही कोट समोर ठेवून बघितले. साडेसहा हजारवाल्यात आयडीव्ही २ लाख १० हजार, ॲड-ऑन काहीच नाही. अकरा हजारवाल्यात आयडीव्ही ३ लाख, त्यात झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणारं), इंजिन प्रोटेक्ट, रोडसाइड असिस्टन्स, चावी हरवल्याचं कव्हर, टायरचं कव्हर असं बरंच. एनसीबी दोन्हीत शून्य.

@लेस्टरवासी दादा, मी तेच लेख वाचून घाबरले होते.

आकडेमोड
आता उत्तर सोपं झालं. दोन दुकानांत दोन वेगळ्या वस्तू दाखवल्या आणि आपण किंमत ताडतोय.

कागदावर मांडतो. जुन्या टॅरिफचे, म्हणजे दर मोकळे होण्याआधीच्या दरपत्रकाचे दर अजून बऱ्याच कंपन्या पाया म्हणून धरतात आणि त्यावर सूट देतात. ५ ते १० वर्षं वयाची, १००० ते १५०० सीसी, झोन बी: आयडीव्हीच्या ३.३५१ टक्के. ३ लाखांवर झाले १०,०५३. सूट कंपनीगणिक बदलते, ७० टक्के धरू. ओडी राहिला ३,०१६. त्यात थर्ड पार्टी ३,४१६. बेरीज ६,४३२, जीएसटी धरून ७,५९० च्या आसपास. मालकाचा अपघात विमा वेगळा. म्हणजे ३ लाखांच्या पूर्ण आयडीव्हीला ॲड-ऑनशिवाय आठ हजारांच्या आसपास भागायला हवं. अकरातले उरलेले सगळे ॲड-ऑनचे आहेत.

आता विमावाले काकांच्या झोनबद्दल. त्याच गाडीला झोन ए चा दर ३.४४७ टक्के. ३ लाखांवर फरक २८८ रुपये, ७० टक्के सूट वजा केली की ८६ रुपये. पुण्याऐवजी नाशिकची नोंदणी म्हणून नव्वद रुपयेसुद्धा वाचत नाहीत. ज्यांच्या गाड्या पंधरा-वीस लाखांच्या आहेत त्यांनी झोनचा विचार करावा, हिने नको.

आणि आयडीव्ही पाडून मिळणारी बचत? ३ लाखांची २ लाख ४० हजार केली तर ६०,००० × ३.३५१ टक्के × ३० टक्के = ६०३, जीएसटीसकट ७१२ रुपये. सातशे रुपये वाचवायला साठ हजारांवर पाणी सोडायचं. चोरी झाली किंवा गाडी पूर्ण गेली तर आयडीव्हीएवढेच मिळतात.

पंचवटीचा_विमावाला
आकडे बरोबर आहेत. झोनचा फरक छोट्या जुन्या गाडीला नगण्यच, मान्य.

आयडीव्हीबद्दल भर घालतो. पाच वर्षांपर्यंत आयडीव्हीला ठरलेली घट आहे, सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४० करत पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के. पाच वर्षांनंतर मात्र कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. तिथेच आकडा खाली ओढून 'बघा किती स्वस्त' असं दाखवतात. आणखी एक, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही कमी ठेवली की दुरुस्त होऊ शकणारी गाडीसुद्धा टोटल लॉसमध्ये जाते आणि हातात कमी पैसे येतात.

भो_नाशिक
आकडेमोड भो, तुमच्यासोबत मिसळ खायला यायचं म्हणजे बिल तुम्हीच काढायचं.

स्पॅनर
द्वारकाजवळ गॅरेज आहे माझं. रोज विम्याच्या गाड्या बघतो. माझं म्हणणं थोडं वेगळं पडेल.

नवीन शिकलेल्या माणसाच्या गाडीला पहिल्या वर्षात काय होतं ते मला ठाऊक आहे. मागचा बंपर, डावा दरवाजा, आरसा. पार्किंगमध्ये खांब, सोसायटीचं गेट, दुसऱ्याची बुलेट. ही सगळी कामं दोन ते सहा हजारांची. विम्यात यातलं किती मिळतं? बंपर प्लॅस्टिक, त्याला ५० टक्के घसारा (जुनेपणाची कपात). रंगाच्या मटेरियलला ५० टक्के. पत्र्याच्या भागाला ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० टक्के. काचेला घसारा नाही तेवढं बरं. वरून १००० रुपये सक्तीचे स्वतःचे भरायचे. पाच हजारांच्या कामात मालकाच्या पदरात दीड-दोन हजार पडतात आणि एनसीबी जातो. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, छोटा क्लेम टाकू नका, खिशातून करा.

आणि सात-आठ वर्षांच्या गाडीला फुल विमा कशाला? थर्ड पार्टी घ्या, उरलेले पैसे बाजूला ठेवा, वर्षातून एकदा डेंटिंग-पेंटिंग करून घ्या.

आकडेमोड
@स्पॅनर दादा, छोटा क्लेम टाळावा हे बहुतेकदा बरोबर, पण एनसीबीची भीती लोक जरा जास्त बाळगतात. क्लेम नाही तर २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढत जाते. पहिल्याच वर्षी क्लेम केला तर शिडी एक वर्ष मागे सरकते: ०, २०, २५, ३५, ४५. दोन्हीतला फरक वर्षागणिक २०, ५, १०, १०, ५. बेरीज ५०. म्हणजे एका क्लेमची पाच वर्षांतली किंमत साधारण एका वर्षाच्या ओडीच्या निम्मी. हिचा ओडी ३,०१६, तर किंमत दीड हजार, जीएसटी धरून पावणेदोनच्या आसपास. कंपनी तीन-चार हजार देणार असेल तर क्लेम करावा. हजार-बाराशे देणार असेल तर करू नये. पंधरा हजार ओडी असलेल्या नव्या गाडीला हाच आकडा साडेसात हजार होतो, तिथे दादांचा सल्ला तंतोतंत लागू.

वकिलीण_सीबीएस
मोटार अपघात दाव्यांचं काम करते. थर्ड पार्टीचा अर्थ बऱ्याच जणांना नीट माहीत नसतो, म्हणून लिहिते.

तुमच्या गाडीने दुसऱ्या कुणाचा जीव गेला किंवा कुणाला इजा झाली, तर थर्ड पार्टीत भरपाईला वरची मर्यादा नाही. ट्रिब्युनल जे ठरवेल ते कंपनी भरते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र ७ लाख ५० हजारांची मर्यादा आहे. काही पॉलिसीत थोडी सूट देऊन ही मर्यादा ६००० रुपयांवर आणलेली असते. कागदावर तेवढं तपासा. आज कुणाच्याही गाडीचा एक हेडलाइट सहा हजारांत येत नाही.

कमावत्या तरुण माणसाचा मृत्यू झालेल्या दाव्यात भरपाई सहज काही लाखांत, कधी कोटीच्या घरात जाते. बिनविम्याचा मालक घर विकूनही ती भरू शकत नाही, अशी कुटुंबं मी कोर्टाच्या पायऱ्यांवर पाहिली आहेत. दोन्ही बाजूंची.

त्यामुळे थर्ड पार्टी ही काटकसरीची जागाच नाही. प्रश्न उरतो तो फक्त ओडीचा.

इंदिरानगर_आई
चांगला धागा. मला एक विचारायचं होतं. माझा मुलगा सतराचा आहे, सोसायटीत आणि पाथर्डी फाट्यापर्यंत आमची गाडी चालवतो. वडील शेजारी बसलेले असतात. पॉलिसी फुल आहे. काही झालं तर चालेल ना?

वकिलीण_सीबीएस
@इंदिरानगर_आई ताई, कृपा करून आजच थांबवा. कारचं शिकाऊ लायसनसुद्धा अठराशिवाय मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९अ आलं आहे: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. कंपनी तुमच्या गाडीचा क्लेम नाकारेल, आणि समोरच्याला भरपाई द्यावी लागली तर ती तुमच्याकडून वसूल करू शकते.

इंदिरानगर_आई
बाप रे. आज रात्रीच दोघा बापलेकांना बसवून हे वाचून दाखवते. धन्यवाद ताई.

ओझरकर
शिकाऊ लायसनवर असणाऱ्यांसाठी हेही असू द्या: शेजारी पक्क्या लायसनचा माणूस आणि पुढे-मागे 'एल' हे नियम पाळले असतील तर विमा लागू राहतो. एकटं गाडी घेऊन निघालात की नाही.

दिंडोरीचा_बागाईतदार
राम राम. नव्या मुलीला एक वेगळा सल्ला. दलाल म्हणाला वडिलांच्या नावावर घ्या, तर घेऊ नकोस. प्रीमियम कमी होत नाही हे वर काकांनी सांगितलंच, पण तोटा मोठा आहे. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो ना, तो फक्त ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडे लायसन आहे त्यालाच. आमच्या शेजारच्या गावात पोरगा बापाच्या नावावरची गाडी चालवत होता, पिकअपने उडवला. घरच्यांना वाटलं पंधरा लाख मिळतील. मालक-चालक कव्हरमधून काही मिळालं नाही, कारण मालक बाप होता. नंतर पिकअपच्या विम्यावर दावा लावला, तो वेगळा आणि लांबचा रस्ता.

रोज गाडी तूच चालवणार, तर आरसी तुझ्याच नावाची असू दे.

पंचवटीचा_विमावाला
बागाईतदार दादांनी लाख मोलाचं सांगितलं. तुमच्याकडे आधीच १५ लाखांचा स्वतंत्र अपघात विमा असेल तर गाडीच्या पॉलिसीत तो पुन्हा घ्यायची सक्ती नाही. २०१९ च्या जानेवारीपासून तो वेगळाही घेता येतो. स्कूटीच्या पॉलिसीत घेतला असेल तर बघा, दुहेरी पैसे जायला नकोत. वडील किंवा भाऊ गाडीत बरोबर बसणार असतील तर 'अननेम्ड पॅसेंजर' (नाव न नोंदलेला प्रवासी) अपघात कव्हरबद्दल विचारून घ्या.

आणि एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही. इंदिरानगरच्या मालकाचा ५० टक्के एनसीबी तुम्हाला मिळणार नाही. तो त्यांचा. ते पत्र घेऊन तीन वर्षांत दुसऱ्या गाडीला वापरतील. त्यांची चालू पॉलिसी तुमच्या नावावर करून घेतली तर उरलेल्या काळासाठी त्या सवलतीचे पैसे तुमच्याकडून भरून घेतात. दलाल म्हणेल 'चालू पॉलिसी आहे, फुकट विमा', तेव्हा हे लक्षात ठेवा.

सोमेश्वर_धबधबा
अवांतर: सिंहस्थ येतोय. ओळखीचे एक जण आत्तापासून मित्रांच्या पांढऱ्या पाटीच्या गाड्या गोळा करतायत, त्र्यंबक-शिर्डी फेऱ्या मारायला. असं चालतं का?

वकिलीण_सीबीएस
नाही. खासगी गाडी भाड्याने चालवली तर ती पॉलिसीच्या अटीबाहेर जाते. गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो, आणि भाविक जखमी झाले तर प्रकरण मालकाच्या अंगावर येतं. मैत्रीत गाडी देणं वेगळं, पण कुणाला आणि कशासाठी दिली ते मालकाने बघायलाच हवं.

स्पॅनर
थर्ड पार्टीवर पुन्हा येतो. वकील ताईंचं सगळं मान्य, मी थर्ड पार्टीला नाही म्हटलंच नव्हतं. माझा मुद्दा ओडीचा. पण आकडेमोड साहेबांचा हिशोब बघितला. ओडी जीएसटीसकट साडेतीन हजारांना पडत असेल आणि गाडी तीन लाखांची असेल, तर मीही घ्या म्हणेन. मी सांगत होतो ते लाख-सव्वा लाखाच्या, पंधरा वर्षांच्या गाड्यांना. तिथे ओडी घेण्यात अर्थ नाही.

आणि पुराचं लक्षात ठेवा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली होती, त्यानंतर गोदाघाट, सराफ बाजाराकडच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या आम्ही ओढून आणल्या. पुराचं नुकसान ओडीत बसतं, नुसत्या थर्ड पार्टीवाल्यांना काहीच नाही. पण ज्यांनी पाणी ओसरायच्या आत चावी फिरवली त्यांच्या इंजिनात पाणी गेलं, कनेक्टिंग रॉड वाकले. ते नुकसान साध्या फुल पॉलिसीत धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्ट लागतं. गाडी पाण्यात असेल तर चावीला हात लावू नका, टो करून आणा. हे पाठ करून ठेवा.

कॉलेजरोडची
मग मी इंजिन प्रोटेक्ट घ्यायचं का? घर कॉलेज रोडला पहिल्या मजल्यावर, पार्किंग तळमजल्यावर, तळघर नाही. ऑफिस सातपूरला.

स्पॅनर
नदीकाठी गाडी लावत नसशील तर नको. तळघरात पार्किंग असतं तर घे म्हटलं असतं.

आकडेमोड
ॲड-ऑनमधलं झिरो डेप मात्र पहिल्या वर्षी विचारात घे. नवीन चालकाचा बंपर-दरवाजाचा धोका स्पॅनर दादांनी सांगितलाच, आणि तिथेच घसारा सगळ्यात जास्त कापतात. ज्या कंपनीकडे जाशील तिथे या वयाच्या गाडीला झिरो डेप देतात का आणि वर्षाला किती क्लेमपर्यंत, ते आधी विचार. बाराशे-पंधराशेत मिळत असेल तर घे, चार हजार सांगितले तर सोडून दे. चावी आणि टायरचं कव्हर नको.

दुसरं, स्वतःहून जादा रक्कम सोसायची तयारी दाखवली तर ओडीत सूट मिळते. जुन्या टॅरिफमध्ये २५०० रुपयांना २० टक्के, जास्तीत जास्त ७५०. तुला सहाशे वाचतील. पण मग प्रत्येक क्लेमला हजारऐवजी साडेतीन हजार तुझे. झिरो डेप घ्यायचं आणि ही सूटही घ्यायची यात मेळ बसत नाही. एकच निवड.

लेस्टरवासी
आणि कमी किलोमीटरची पॉलिसी? इकडे तशा मिळतात.

पंचवटीचा_विमावाला
आपल्याकडेही आहे. २०२२ च्या जुलैपासून 'पे ॲज यू ड्राइव्ह' ॲड-ऑनला परवानगी मिळाली. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर असेल तर ओडीत बऱ्यापैकी सूट बसू शकते. मर्यादा ओलांडली तर काय होतं ते कंपनीगणिक वेगळं असतं, तेवढं वाचून घ्या.

पुढेमागे सीएनजी किट बसवलंत तर आरसीवर नोंद करा आणि कंपनीला कळवा. किटच्या किमतीवर ४ टक्के आणि थर्ड पार्टीत ६० रुपये वाढतात. न कळवता किट बसवलेल्या गाडीला आग लागली की क्लेमच अडतो. आमच्याकडे हे फार होतं.

तपोवन_रहिवासी
एक सावध करतो. आरटीओच्या फाटकापाशी कुणी दोन हजारांत 'फुल' पॉलिसी देतो म्हणाला तर घेऊ नका. माझ्या मेहुण्याला अशीच एक छापील पॉलिसी मिळाली, कंपनीच्या नोंदीत तिचा नंबरच नव्हता. ३४१६ हा सरकारी दर आहे हे माहीत असतं तर तिथेच कळलं असतं. पैसे भरल्यावर क्यूआर कोड स्कॅन करा आणि एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख बघा.

भो_नाशिक
हे भारी सांगितलं. ३४१६ पेक्षा खाली फुल विमा म्हणजे समजायचं, कागद फक्त वडे बांधायला.

कॉलेजरोडची
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते सांगते. गाडी माझ्या नावावर. आयडीव्ही ३ लाखच, कमी करणार नाही. झिरो डेप पंधराशेच्या आत मिळालं तर, नाहीतर साधी फुल. कमी किलोमीटरची सूट मागणार. इंजिन, चावी, टायर काढून टाकले. आजच एका कंपनीने या हिशोबाने ८,९०० चा कोट दिला, अपघात विम्यासकट. दुसऱ्या दोन ठिकाणी हाच कोट दाखवून विचारते.

एकच अडचण. रविवारी गाडी ताब्यात घ्यायची, आणि पेठ रोडच्या आरटीओत नाव बदलायला वेळ लागणार. मधल्या दिवसांत विमा कुणाचा?

वकिलीण_सीबीएस
कायद्याने (कलम १५७) थर्ड पार्टी गाडीबरोबर आपोआप तुझ्याकडे येते. ओडी येत नाही. मधल्या दिवसांत गाडीला काही झालं तर जुन्या मालकाची पॉलिसी तुझं नुकसान भरणार नाही, कारण गाडीत त्यांचा हितसंबंध उरलेला नाही. त्यामुळे पॉलिसी नावावर करायच्या १४ दिवसांच्या मुदतीची वाट बघत बसू नकोस.

पंचवटीचा_विमावाला
पैसे देताना त्यांच्याकडून फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे) यांवर सह्या घ्या, विक्रीपत्र घ्या. त्यांचं कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा). २९-३० च्या प्रती जोडून त्याच दिवशी तुमच्या नावाने पॉलिसी मागा. कंपनी मोबाइलवर गाडीचं व्हिडिओ इन्स्पेक्शन करते, चारी बाजू, चेसिस नंबर, किलोमीटर. ते उजेडात करा, गाडी धुवून घ्या, जुने ओरखडे लपवू नका. तेव्हा जे नोंदलं जातं त्यावरच पुढचा क्लेम ठरतो. पॉलिसीचा नंबर हातात आल्यावरच गाडी हलवा.

रविवारी इन्स्पेक्शन अडलं तर मला व्यक्तिगत निरोप टाका. माझ्याकडूनच पॉलिसी घ्या असं नाही, पण काम अडता कामा नये.

ओझरकर
आणि सोमवारी पहिल्यांदा गाडी घेऊन निघशील तेव्हा सकाळी सातच्या आत नीघ. एबीबी सर्कलला त्या वेळी गर्दी कमी असते.